आजोबांचा गंजिफा वाचनालयाला द्यायचा, पण किती आणि कसा?

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात)

आमचं मूळ घर सिंधुदुर्गातलं, आम्ही राहतो ठाण्याला. आजोबांच्या वेळचा सावंतवाडी पद्धतीचा दशावतारी गंजिफा माझ्याकडे आहे: गोल, हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते आणि सरकत्या झाकणाची लाकडी पेटी. गावच्या वाचनालयाचा मोठा वर्धापनदिन जुलैत आहे. त्यानिमित्त जून ते ऑगस्ट असे तीन महिने अख्खा संच प्रदर्शनात मांडायचा, अशी त्यांची इच्छा आहे. त्यांच्याकडे काचेचं कपाट आहे, वर ट्यूबलाइट आहे. लाल मखमलीवर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने पत्ते लावू आणि आधी थोडं पॉलिश करून घेऊ, असं चिटणीस म्हणतात. काही पत्ते एकमेकांना चिकटले आहेत, दोन-तीन पत्त्यांचा रंग सुटतोय. धाकटा भाऊ म्हणतो, देऊच नकोस. मला वाटतं, कपाटात पडून राहण्यापेक्षा चार लोकांनी पाहिलेलं बरं. पण सगळी माणसं ओळखीची, त्यांच्याकडे लेखी करार कसा मागायचा? माणसं दुखावतील.

उत्तर

कपाटात पडून आहे म्हणजे वाया जातंय, हे तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीत. ते अर्धंच खरं आहे. आजोबांच्या काळचे रंग आज शाबूत असतील, तर ते अंधाऱ्या, बंद पेटीमुळे आहेत. पत्ते लोकांनी पाहावेत ही तुमची इच्छा रास्तच आहे, पण पाहायला मिळणं आणि तीन महिने उजेडात राहणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भाऊ ‘नको’ म्हणतो, तुम्ही ‘द्यावं’ म्हणता, आणि दोघांच्याही मनात अख्खा संच आहे. तो अख्खा द्यायची गरजच नाही.

आधी मालकीचं बघू. पत्रात तुम्ही ‘माझ्याकडे आहे’ असं लिहिलंय, ‘माझा आहे’ असं नाही. नकळत का होईना, बरोबर लिहिलंय. आजोबांनी मृत्युपत्रात तुमच्या नावे केला नसेल, तर त्यात भावाचा वाटा असू शकतो, बहीण असेल तर तिचाही. त्यामुळे भावाचं मत हा नुसता सल्ला नव्हे. वाचनालयाला होकार कळवण्याआधी सगळ्यांची सही असलेलं चार ओळींचं ना-हरकत पत्र करा: कोणते पत्ते, किती दिवस, कुणाच्या ताब्यात. उद्या काही बरंवाईट झालं तर घरात भांडण नको.

मग मोजणी. दशावतारी संचात १२० पत्ते असतात. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. (आठ गटांचे ९६ पत्ते निघाले तर तो मोगली गंजिफा.) टेबलावर स्वच्छ पांढरी चादर अंथरा आणि अवतारांप्रमाणे दहा रांगा लावा. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी खूण पत्त्यावरच असते, आणि गटागणिक चित्रामागचा रंगही बहुधा वेगळा असतो. मांडता मांडता बऱ्याचदा लक्षात येतं की दोन वेगळे संच एकत्र झालेत: एखाद्या गटातल्या चार पत्त्यांचा व्यास दोन-तीन मिलिमीटर कमी भरतो, किंवा पाठीचा रंग जरा निराळा दिसतो. तसं असेल तर ते लिहून ठेवा. वाचनालयाने ‘संपूर्ण संच’ अशी पाटी लावायची आणि एखाद्या जाणकाराने येऊन ती खोडायची, यात शोभा दोघांचीही जाते.

मोजताना पत्ता कडांनी धरायचा, हात कोरडे हवेत. सुती हातमोजे नकोत, सुटलेल्या रंगाची कपची त्यांच्या धाग्यात अडकून निघून येते. नायट्राइलचे घट्ट हातमोजे वापरा. जुन्या पिवळ्या रंगात हरताळ असू शकतो आणि तो आर्सेनिकचा असतो, म्हणून काम झालं की हात धुवायचे आणि मुलांना जवळ घ्यायचं नाही. आणि हाताला सॅनिटायझर चोळून पत्ते अजिबात हाताळू नका. पत्त्यावरचा चकचकीत थर लाखेचा, आणि लाख स्पिरिटात विरघळते. ओलसर अंगठ्याचा ठसा त्या थरात कायमचा उमटतो.

पॉलिशला ‘नाही’ म्हणा, तेही आजच. गंजिफाचा पत्ता म्हणजे खळीने एकावर एक चिकटवलेलं कापड, त्यावर खडूचा लेप, त्यावर रंगकाम आणि वर लाख. खळ चिंचोक्याची. लाकडी पॉलिशमध्ये बहुधा स्पिरिट असतं. ते जुनी लाख मऊ करतं आणि कुंचल्याबरोबर खालचा रंग ओढून आणतं. काळवंडलेली लाख हा शंभर वर्षांचा पुरावा आहे, तो पुसून पत्ता नवा दिसला तरी त्याची किंमत उतरते. चिकटलेले पत्तेही सुरी घालून किंवा वाफेवर धरून सोडवू नका. उन्हाळ्याच्या उष्म्यात आणि दाबाखाली लाख मऊ पडते, म्हणून ते चिकटलेले असतात. जोर लावला तर एकाचं चित्र दुसऱ्याच्या पाठीवर येतं. ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या ‘इंटॅक’ या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत. ठाण्याहून चौकशी करणं अवघड नाही.

आता महिने. तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट टेप नव्हे, मखमल नव्हे. ती म्हणजे ‘जून ते ऑगस्ट’. कोकणात त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर सहज जाते. ६५-७० टक्क्यांच्या वर ती काही दिवस टिकली की बुरशी धरते, आणि चिंचोक्याची खळ हे बुरशीचं आणि कसरीचं आवडतं खाद्य. कापड ओल शोषून फुगतं, वरचा खडू-लाखेचा थर तेवढा फुगत नाही. म्हणून पत्ता वाकतो आणि रंग सुटतो. तुमच्या दोन-तीन पत्त्यांचं नेमकं हेच झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

‘कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकू’ असं कुणीतरी म्हणेलच. बुटांच्या खोक्यातल्या दोन-चार पुड्यांनी काही होत नाही. साधारण हिशेब एक घनमीटर हवेला २० किलो जेल असा धरतात. म्हणजे एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच पेटीला दोन किलो. तेही तव्यावर भाजून खडखडीत कोरडं केलेलं नको, कारण त्याने पेटी इतकी कोरडी पडते की लाखेला तडे जातात. आधीच ५० टक्के आर्द्रतेला आणून ठेवलेलं हवं. आणि पेटीच्या फटी बंद नसतील तर पावसाळ्यात ते भराभर ओल शोषून निकामी होतं. वाचनालयाचं सरकत्या काचांचं कपाट या कामाचं नाही, कारण दोन काचा एकमेकींवर येतात तिथली फट बोटभर असते.

तेव्हा चिटणीसांना दुसरी तारीख सुचवा. वर्धापनदिन जुलैत, तर जुलैत प्रतिकृती मांडा आणि मूळ पत्ते डिसेंबर-जानेवारीत सहा आठवडे. दोन उद्घाटनं होतील, वाचनालयाला ते नकोसं होणार नाही. प्रतिकृतींसाठी पत्ते स्कॅनरवर ठेवू नका. वाकलेला पत्ता झाकणाखाली दाबला गेला की कडेचा लेप तुटतो. कॅमेरा वरून सरळ खाली रोखायचा, दोन बाजूंनी ४५ अंशांतून प्रकाश, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी. छपाई मूळ आकारात ३०० डीपीआयची, दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्यावर चिकटवून गोल कापलेली. पाठीवर ‘प्रतिकृती’ असा शिक्का हवाच. नाहीतर दहा वर्षांनी कोणीतरी त्या मूळ म्हणून विकायला काढेल.

लोकांना हातात घेऊन खेळायला द्यायचं असेल तर सावंतवाडीत नवे गंजिफा आजही हाताने रंगवले जातात. ही कला विझत आली होती, ती १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून पुन्हा उभी केली. वाचनालयाने एक नवा संच विकत घ्यावा, कारागिराला पैसे मिळतील आणि शाळेतली मुलं खेळतील. दिवसा रामाच्या राजाने डाव सुरू करायचा, दिवेलागणीनंतर कृष्णाच्या. पाच अवतारांत आकडा मोठा तसा पत्ता चढता, उरलेल्या पाचांत आकड्यांमध्ये एक्का वरचढ. हे काचेमागच्या पाटीवरून कळत नाही, खेळूनच कळतं.

मूळ पत्ते किती द्यायचे? माझं मत एकवीस. दहा अवतारांचे दहा राजे आणि कोणत्याही एका अवताराचे उरलेले अकरा पत्ते. दहा राजांमुळे दशावतार दिसतो, पूर्ण एका गटामुळे संचाची रचना कळते. प्रेक्षकाला १२० पाहून यापेक्षा जास्त काही उमगत नाही, खरं तर चाळिसाव्या पत्त्याशी तो थकतो. उरलेले ९९ घरी. रंग सुटलेला किंवा चिकटलेला एखादा राजा यात येत असेल, तर त्याच्या जागी प्रतिकृती ठेवा आणि पाटीवर तसं लिहा.

उजेडाचं गणित ओळखीच्या माणसालाही कागदावर मांडून दाखवता येतं. रंगवलेल्या कागद-कापडासाठी वस्तुसंग्रहालयं ५० लक्सची मर्यादा पाळतात (लक्स हे उजेडाची तीव्रता मोजायचं एकक). उजेडाची हानी साठत जाते. तीव्रता आणि तास यांचा गुणाकार मोजायचा. ५० लक्स, रोज आठ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. ट्यूबखाली २०० लक्स धरले तर तेवढ्याच दिवसांत १,४४,०००, म्हणजे तीन महिन्यांत वर्षभराची झीज. तांबडे वनस्पतिज वा लाखेचे रंग आणि हरताळ आधी फिके पडतात, आणि उडालेला रंग परत येत नाही. कपाटातला दिवा काढायला सांगा, उष्णतेनेही लाख मऊ होते. खोलीत मंद एलईडी, खिडकीला जाड पडदा, आणि कपाटावर एक कापड, जे पाहणाऱ्याने उचलायचं आणि परत टाकायचं. कापडाची युक्ती फुकट आहे आणि उजेडाचे बरेच तास वाचवते.

मांडणी. पत्ता गोल, त्यामुळे फोटोचे कोपरे चालत नाहीत. म्हणूनच सगळ्यांना टेप सुचते. टेपचा गोंद लाखेत शिरतो आणि काढताना थर घेऊन येतो. त्याऐवजी आम्लरहित जाड माउंट बोर्डात पत्त्यापेक्षा एक मिलिमीटर मोठी गोल खाच कापून घ्या, खाली दुसरा बोर्ड. पत्ता नुसता खाचेत बसतो, काही चिकटवावं लागत नाही. बोर्डचा उतार २० अंशांपेक्षा जास्त नको. खाचेच्या कडेला नखाएवढी अर्धगोल चीर ठेवा, नाहीतर पत्ता बाहेर काढताना कोणीतरी टाचणी घालेल. मखमलीचा रंग दमट हवेत उतरतो, ती नको. कपाटाची फळी प्लायवूडची किंवा एमडीएफची असेल तर तिच्यातून आम्लं आणि फॉर्मल्डिहाइड सुटत राहतात. मधे ॲल्युमिनियम फॉइलचा अडथळा घाला. वर काच हवी, ॲक्रिलिक नको. ॲक्रिलिक पुसलं की त्यात स्थिर वीज तयार होते आणि सुटलेल्या रंगाच्या कपच्या वर ओढल्या जातात. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने लाख मऊ पडू शकते. झुरळ-कसरीसाठी कपाटाबाहेर, पायांशी चिकट सापळे पुरतात, आणि ते आठवड्याला पाहायचे.

आता तुमची खरी अडचण, लेखी मागायचं कसं. करार मागणं म्हणजे अविश्वास, असं तुम्ही धरून चालला आहात. पण ज्या चिटणीसांवर तुमचा विश्वास आहे, ते पुढच्या निवडणुकीनंतर चिटणीस असतीलच असं नाही. कागद नव्या कार्यकारिणीसाठी असतो. शिवाय कागद त्यांचंही रक्षण करतो: पत्ता आधीच फाटका होता की त्यांच्याकडे फाटला, हे त्यांना तरी कशाने सिद्ध करता येईल? असं मांडलंत तर दुखावणारं त्यात काही उरत नाही. मसुदा तुम्हीच लिहून पाठवा, दोन पानं पुरतात.

त्यात हे यायला हवं. पत्त्यांची यादी आणि प्रत्येकाची दोन्ही बाजूंची छायाचित्रं, म्हणजे एकवीस पत्त्यांची बेचाळीस, दोन्हीकडच्या सह्यांनिशी. क्रमांक पत्त्यावर नाही, पाकिटावर. सुरुवातीची आणि परतीची तारीख. मुदतवाढ फक्त लेखी. परवानगीशिवाय साफसफाई, दुरुस्ती, जागाबदल किंवा तिसऱ्याला देणं नाही. उजेड आणि आर्द्रतेची मर्यादा. रोज सकाळ-संध्याकाळ आर्द्रतामापकाची नोंद वहीत. कपाटाची किल्ली कुणाकडे, हे नावानिशी. सलग दोन दिवस आर्द्रता ६५च्या वर राहिली किंवा बुरशी दिसली, तर पत्ते ताबडतोब परत. छायाचित्रं कुठे वापरायची हेही लिहा, आणि पाटीवर तुमचं नाव न घालता ‘खासगी संग्रहातून’ एवढंच छापायला सांगा. नावासकट फोटो फिरले की जुन्या वस्तूंचे दलाल दारात येतात.

विम्याबद्दल लोकांची मोठी गफलत होते. विमा घ्यायचा तो तुमच्या दारापासून पुन्हा तुमच्या दारापर्यंतचा, वाहतुकीसकट, आधी ठरवून घेतलेल्या मूल्यावर, आणि हप्ता उसनं घेणाऱ्याने भरायचा. पण दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून वाचा. एक, संचातली एखादी वस्तू हरवली तर फक्त त्या एकीची प्रमाणशीर रक्कम मिळेल, असं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. तुमच्यासाठी ते घातक आहे: नृसिंहाचा राजा गेला तर एकशे विसावा भाग जात नाही, संच अपुरा होतो. ते कलम वगळून घ्या, किंवा करारात वाचनालयाकडून उरलेल्या घटीची भरपाई लिहून घ्या. दोन, हळूहळू होणारी झीज, दमटपणा, बुरशी आणि किडे हे बहुतेक पॉलिसींत मुळातच वगळलेले असतात. चोरी-आगीचे पैसे मिळतील, पण तुमच्या पत्त्यांना ज्याचा धोका सर्वांत जास्त, त्याचे मिळणार नाहीत. म्हणून डिसेंबरचा आग्रह. वाचनालयाला हप्ता परवडत नसेल तर रागावू नका. मग मूळ पत्ते फक्त एक दिवस, तुम्ही स्वतः शेजारी बसून, बाकी दिवस प्रतिकृती.

कायद्याचंही थोडं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, आणि रंगचित्रं हा नोंदणीच्या प्रकारांपैकी एक आहे. तुमच्या संचाचं वय त्या आसपास असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारून घ्या. उद्या परदेशातल्या मराठी मंडळाने मागितला, तर परवानगीशिवाय तो देशाबाहेर नेता येणार नाही, हेही ध्यानात असू द्या. हे वाचणाऱ्या ज्या कुणाकडे हस्तिदंती किंवा कासवाच्या पाठीचे पत्ते असतील, त्यांनी प्रदर्शनाचा विचार करण्याआधी वन्यजीव कायद्याची कागदपत्रं तपासावीत.

नेताना पत्ते मूळ पेटीत भरू नका; हिसक्यांनी ते एकमेकांवर घासतात. दोन पत्त्यांमध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घाला, तो लाखेला चिकटत नाही. दहा-अकराच्या चळती करून घट्ट झाकणाच्या डब्यात, भोवती फोम. कुरिअर नको. गाडीत डबा मांडीवर किंवा सीटवर ठेवा, डिकीत किंवा डॅशबोर्डवर नाही. पोचल्यावर डबा चोवीस तास बंदच ठेवा, म्हणजे आतली हवा खोलीशी जुळते. परत घेताना यादीतल्या फोटोंशी एकेक पत्ता ताडून मगच पोच द्या, मागे चहा थंड झाला तरी चालेल.

मूळ लाकडी पेटी मात्र रिकामी देता येईल. तिच्यावरही रंगकाम आणि लाख असते, म्हणून उजेडाचा नियम तिलाही तोच. देण्याआधी ती काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. खाली पिठासारखी भुकटी पडली तर आत लाकूड पोखरणारा भुंगा जिवंत असू शकतो, आणि मग ती पेटी आधी संवर्धकाकडे जायला हवी. तिच्यातले पत्ते त्याच दिवशी बाहेर काढा.